उल्केचा डावा हात

ढाल घ्यायची नाही, हे दोघींनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

'काळकडा' हा खेळ सुरू करताना आपला लढवय्या आपणच घडवायचा असतो. बहुतेक जण काय करतात, एका हातात तलवार देतात, दुसऱ्यात ढाल, आणि ढालीमागे अंग चोरून सावकाश राक्षस मारत बसतात. त्याहून शहाणे असतात ते लांब उभे राहून मंत्र फेकतात. केतकी शिंत्रे आणि दुर्वा पोवार यांना शहाणपणाशी काडीचंही देणंघेणं नव्हतं. आठवीत होत्या दोघी. त्यांना दोन्ही हातांत शस्त्र हवं होतं, आणि शत्रू इतका जवळ हवा होता की त्याच्या तोंडाचा वास यावा.

"दोन पट्टे घेऊ," दुर्वा म्हणाली. "एक तुझा, एक माझा."

"आणि मार बसला म्हणजे?"

"एका जाग्यावर खांबासारखी उभी राहशील तर बसंल की! हलायचं."

पट्टा म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणाऱ्या लोखंडी मुठीतून निघालेलं लांब, लवलवतं पातं. केतकीने तो पडद्यावरच पहिल्यांदा पाहिला. दुर्वाने मात्र खराखुरा हातात घातलेला होता. तिची तारूआत्या कोल्हापुरातल्या एका तालमीत मर्दानी खेळ शिकवायची. सगळी पेठ तिला वस्ताद म्हणायची. पोरं तिला चळाचळा कापायची आणि सुट्टीच्या दिवशी तिच्याच दारात चहाला यायची. दुर्वा दात पडायच्या वयापासून तिच्या हाताखाली होती. मुळात डावखुरी. त्यामुळे केतकीला उजवा हात आणि दुर्वाला डावा, ही वाटणी भांडणाशिवाय झाली. त्या दोघींच्या मैत्रीत भांडणाशिवाय झालेली ही बहुधा एकमेव गोष्ट.

लढवय्यीचं नाव ठेवलं उल्का. मग गुण वाटायची वेळ आली: ताकद, दम, चपळाई, जीव. केतकीने सगळे गुण ताकदीत ओतायला घेतले, तशी दुर्वाने तिचं मनगट धरलं.

"खुळी हैस का? दोन पाती पेलायला दम लागतोय. सगळी ताकद घेतलीस तर एक वार होईल झकास. मग धापा टाकत बसशील, आणि तो वेताळ येऊन तुला खर्ड्यासारखा ठेचून जाईल."

"तुला काय माहीत?"

"आत्या सांगते. दम संपला की पट्टा नुसता पत्रा."

मग दम आणि चपळाई. उजव्या हातात जड पातं, डाव्यात हलकं. डाव्याने समोरच्याचा वार झटकायचा आणि फट पाडायची, त्याच फटीतून उजव्याने आत शिरायचं. डावा वाट करणार, उजवा तिच्यावरून चालणार. त्यातून त्यांनी एक विद्या निवडली, जिच्यामुळे प्रत्येक यशस्वी वारागणिक उल्केला थोडा जीव परत मिळायचा. याचा अर्थ असा, की थांबायचं नाही. ढाल नाही, चिलखत पातळ. मारत राहिलं तरच जगणार. थांबली की मेली.

दोन मुली, एक शरीर, प्रत्येकीचा एक हात. शेजारी शेजारी मांडी घालून बसायच्या आणि एकमेकींना शिव्या घालत राक्षस कापायच्या. नाद खुळा दिवस होते ते.

मग केतकीच्या बाबांची पुण्याला बदली झाली.

*

अंतराचा प्रश्न कंकणांनी सोडवला. सोडवला असं तेव्हा वाटलं.

कंकण म्हणजे मनगटाच्या वर, दंडाच्या खाली घालायचं एक काळं कडं. आपण बोट हलवायचं ठरवतो तेव्हा मेंदूकडून निघालेला संदेश नसांमधून हाताच्या स्नायूंत येतो आणि तिथे विजेची एक बारीकशी लहर उठते. इतकी बारीक, की तिच्याने मुंगीलाही झिणझिण्या यायच्या नाहीत. बोट हलतं ते त्यानंतर. कंकण ती लहर कातडीवरून वाचतं. म्हणजे हात हलायच्या आधीच खेळाला कळलेलं असतं की हा हात काय करणार आहे. नुसता मनात उचललेला हातसुद्धा पडद्यावर उचलला जातो.

अडचण एवढीच, की कोल्हापूरची लहर पुण्याला पोचेपर्यंत डोळ्याची पापणी अर्धी मिटते. एकाच अंगाचे दोन हात, आणि एक हात अर्धी पापणी मागे! वेताळ तेवढ्यात पोट फाडून मोकळा. म्हणून खेळ बनवणाऱ्यांनी 'सावली' आणली. केतकीच्या आईला बाबांची चप्पल दारात वाजली की पुढचं सगळं ठाऊक असतं: आधी पाणी, मग पंखा, मग चहा. ती आधण आधीच ठेवते. सावली तेच करते. ती रोज तुमचा हात पाहते, शिकते, आणि पुढचा वार येण्याच्या आतच तो ओळखून पडद्यावर उमटवते. खरी लहर मागून येते आणि तिच्यात मिसळून जाते. मध्येच नेट गेलं, किंवा कुणी दार वाजवलं म्हणून तुम्ही कंकण काढून उठलात, तर तुम्ही परत येईपर्यंत सावलीच तुमचा हात चालवते.

आणि सावलीचं शिकणं चाळणीसारखं असतं. कुठल्या हालचालीने लढाई जिंकायला मदत झाली ते ती धरून ठेवते. कशानेच काही फरक पडला नाही, ते गाळून टाकते.

उल्केच्या दोन्ही मनगटांवर एकेक ठिपका असे. खरा हात असला की तांबडा, सावली असली की पिवळा. ऐन लढाईत ते ठिपके डोळ्यांना खुपतात म्हणून केतकीने पडदा मोकळा करून टाकला. जीव किती, दम किती, ठिपका कुठला, सगळं झाकलं. पट्टीचे खेळाडू तसंच करतात.

*

दुर्वाची एक खोड होती.

लढाई सुरू झाली की उल्केचा डावा हात आधी वार करायचाच नाही. पातं खाली जायचं, टोक मातीला टेकायचं, मातीवर काहीतरी गिरवायचं, मग वर यायचं. तेवढ्या वेळात समोरचा एक वार फुकटात मारून जायचा.

"दुर्वे! परत केलंस!"

"काय केलं?"

"ते खाली टोक टेकवणं! मी इकडे उजवा हात घेऊन लग्नातल्या मामासारखी वाट बघत उभी!"

दुर्वा फिसकन हसायची. "सलामी हाय ती. आत्याची. ज्या जमिनीवर कुणाला पाडणार, तिला आधी विचारायचं."

"अगं पण ही जमीन खरी नाहीये! पिक्सेलची आहे!"

"मला कळतंय गं. हाताला कोण सांगणार? मी विचार करायच्या आधीच जातोय तो खाली."

कोल्हापुरातल्या कितीतरी मुलींसारखी दुर्वा 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायची. केतकीही तिथे असताना तसंच बोलायची. पुण्यात तिचं कधी 'मी आले' झालं ते तिलाही कळलं नाही. दुर्वाला बरोब्बर कळलं. "झालीस व्हय पुणेकर?" ती म्हणाली, आणि पुढचे चार दिवस केतकीला "अहो शिंत्रे बाई" म्हणून हाक मारली.

अशा भांडणांत दोघींनी पात्रता फेरी जिंकली. सलामी देऊन, फुकटचा वार खाऊन जिंकली. राज्याची शालेय स्पर्धा दिवाळीनंतर कऱ्हाडला होणार होती, दोघींच्या मधल्या वाटेवर. आणि केतकीला एकदम पंख फुटले. नव्या शाळेत आतापर्यंत तिला कुणी विचारत नव्हतं, आता वरच्या वर्गातल्या मुली कॉरिडॉरमध्ये थांबवून "उल्का तूच ना?" म्हणायला लागल्या. तिने केस कापले. ती मोठ्याने हसायला लागली. वर्गात हात वर करून उत्तरं द्यायला लागली, चुकली तरी द्यायला लागली. इतकं छान वाटत होतं तिला!

मग तिने सरावाला शिस्त लावली.

"आजपासून बोलणं बंद," तिने जाहीर केलं. "गप्पांत लक्ष जातं. आवाज पूर्ण बंद करून खेळायचं. मुका सराव."

"अगदी मुका?"

"अगदी."

"आणि मला काय सांगायचं असलं तर?"

"सरावानंतर सांग."

पण सरावानंतर केतकीचा क्लास असायचा. क्लासनंतर गृहपाठ. पावसाळ्यात केव्हातरी दुर्वाचा फोन आला, "केतू, आत्याचं जरा बरं नाही गं," म्हणाली. केतकी म्हणाली, "अरेरे! काळजी घे तिची. ऐक ना, पुलावरच्या लढाईत तू डावीकडून आलीस तर?"

आणि श्रावणातल्या एका संध्याकाळी चमत्कार झाला. लढाई निम्म्यात होती. नेट जरासं अडखळलं, पुन्हा सुरळीत झालं, आणि त्यानंतर उल्केचा डावा हात असा काही चालायला लागला की केतकीच्या अंगावर काटा आला. पुढची लढाई सुरू झाली, टोक खाली गेलंच नाही! त्याच्या पुढचीतही नाही. वार झटकला, फट पडली, उजवा आत. झटकला, पडली, आत. जणू दोन्ही हात एकाच मुलीचे होते. कंकण काढायच्या आधीच केतकीने दुर्वाला आवाजी निरोप धाडला. आनंदाने ती अक्षरशः किंचाळत होती:

"दुर्वा! काय खेळलीस आज! एकदासुद्धा टोक खाली नाही! सुटली बघ तुझी ती खोड! आजच्यासारखी तू कधी म्हणजे कधीच खेळली नव्हतीस!"

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. नुसता अंगठा.

त्यानंतर अंगठेच येत राहिले. दुर्वा शिस्तीत आली, असं केतकीला वाटलं. गणपती झाले, नवरात्र झालं. उल्का अजिंक्य होत चालली. शाळेने शनिवारच्या सभेत केतकीला दोन शब्द बोलायला उभं केलं. माईक हातात घेऊन ती म्हणाली, "जोडीने लढायचं तर जोडीदार आतून माहीत असावा लागतो. दुर्वाचा हात मी डोळे मिटूनही ओळखीन." काय टाळ्या पडल्या! ती चित्रफीत शाळेने सगळीकडे टाकली.

*

कऱ्हाडच्या सभागृहाबाहेर दुर्वा एस.टी.तून उतरली तेव्हा केतकीने धावत जाऊन तिला मिठीच मारली. दुर्वाच्या हातात स्टीलचा डबा होता. तो दोघींच्या मध्ये आला.

"भडंग," दुर्वा म्हणाली. "आईनं केलंय. लसूण जास्त घातलाय, तुला आवडतो म्हणून."

"किती वाळलीस गं! आणि ऐक, पहिल्याच फेरीत सोलापूरचे दोघे भाऊ आहेत. ढालवाले. त्यांना दमवायचं, मग..."

"केतू, आधी जरा बोलायचंय."

"झाल्यावर! झाल्यावर निवांत. नावं पुकारतायत."

दुर्वाने मान हलवली. डबा पिशवीत ठेवला आणि पिशवीतून कंकण काढलं. ते घालताना तिला दोनदा प्रयत्न करावा लागला, पण केतकी तेव्हा मंचाकडे बघत होती.

मंचावर पंचांनी सगळ्यांना नियम वाचून दाखवले. "जोडीदार शेजारीच बसलेले आहेत, त्यामुळे सावली बंद राहील. आपापले हात आपणच चालवा."

केतकी दुर्वाच्या कानात म्हणाली, "आपल्याला काय फरक पडतोय!"

लढाई सुरू झाली. समोरून ढाल पुढे घेऊन सोलापूरकरांचा गडी आला. केतकीची नजर त्याच्या ढालीवर, उजवा हात तयार. आणि उल्केचा डावा हात हळूच खाली गेला.

टोक मातीला टेकलं.

"दुर्वा!" केतकी दबक्या आवाजात ओरडली. "हे काय? ही खोड तर सुटली होती ना!"

"सुटली नव्हती," दुर्वा म्हणाली.

पहिला वार फुकटचा बसला. ते एक वेळ चाललं असतं. पण पुढे जे झालं ते केतकीच्या समजण्यापलीकडचं होतं. डावा हात जड होता, बुजरा होता, कुठल्यातरी जुन्या लढाईत अडकल्यासारखा. त्याने वार झटकला खरा, पण उशिरा. आणि केतकीचा उजवा हात सवयीने पुढे घुसला, अशा फटीत, जी अजून पडलीच नव्हती. ढालीवर आपटला. पुन्हा घुसला. पुन्हा आपटला. दोन्ही पाती एकदा तर एकमेकांतच अडकली, आणि मागच्या रांगांतून हसू फुटलं. वार लागेना म्हणून जीव परत मिळेना. दम संपला. पट्टा नुसता पत्रा झाला.

उल्का पडली. सोलापूरच्या भावांना तर आधी आपण जिंकलो हेच कळलं नाही.

*

सभागृहामागे पायऱ्या होत्या आणि पाण्याची टाकी होती. दुपारचं ऊन पार पायऱ्यांपर्यंत आलेलं. केतकी गर्रकन दुर्वाकडे वळली.

"तू मुद्दाम केलंस ना?"

"काय मुद्दाम?"

"परवापर्यंत किती भारी खेळत होतीस! परवा पुलावर एक वार चुकला नाही तुझा! आणि आज नेमकं..."

"परवा मी नव्हतो," दुर्वा म्हणाली.

"म्हणजे?"

"परवा त्या वेळेला मी गिरणीत होतो. दळण घेऊन. त्याच्या आदल्या दिवशी गणिताचा क्लास होता."

केतकीला आधी समजलंच नाही. मग एकेक करून समजायला लागलं.

"सावली?"

दुर्वाने मान डोलावली.

"कधीपासून?"

"तूच सांग की."

पायऱ्यांवर एक कुत्रं झोपलं होतं, त्याचा कान माशीमुळे हलत होता. केतकी त्या कानाकडे बघत राहिली. तिला आठवत होते ते नुसते सुंदर दिवस. झटकला, पडली, आत. नवरात्र. गणपती. त्याच्याही मागे. श्रावणातली ती संध्याकाळ, जरासं अडखळलेलं नेट, आणि नंतर तिचं ते किंचाळणं.

"खोड सुटली त्या दिवशी," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"त्या दिवशी तारूआत्या गेली."

दुर्वाने हे अगदी साधेपणाने सांगितलं. आज बाजार आहे, असं सांगावं तसं.

"खालनं आईनं हाक मारली. तिच्या आवाजावरनंच कळलं मला. कंकण ओढून काढलं आणि तसाच पळालो, आपली लढाई निम्म्यात टाकून. रात्रभर तिकडंच. सगळी तालीम आली होती गं. मोठमोठी माणसं रडत होती. सकाळी घरी आलो आणि म्हटलं, पहिल्यांदा केतूला सांगावं. फोन बघितला, तर तुझा निरोप." ती थांबली. "आजच्यासारखी कधीच खेळली नव्हतीस, म्हणालीस."

"दुर्वा, मला माहीत नव्हतं... तू सांगायचंस तरी!"

"सांगणारच होतो. मग म्हटलं, राहू दे, उद्या तिचं तिलाच कळंल. हात आपला नाही म्हटल्यावर कळंलच की! पहिले काही दिवस मी समोर बसून बघत होतो. कंकण खिळ्याला आणि मी खाली चटईवर. उल्का आपली लढतीया. मी मनात म्हणायचो, आता थांबंल केतू. आता विचारंल, कोण हाय रे तिकडं?" दुर्वाने नाक पुसलं. "तू थांबलीच नाहीस. उलट रोज निरोप, आज मस्त, आज झकास. आत्यानं शिकवलेलं तेवढं त्या सावलीनं गाळलं, आणि तुला ते बरं वाटलं."

"मी..."

"शाळेत म्हणालीस ना, डोळे मिटून ओळखीन? बघितलं मी ते. तू तर उघड्या डोळ्यांनी बघत होतीस गं."

केतकीला खूप काही बोलायचं होतं. माफ कर. चुकलं. मला आत्या आवडायची, तिने मला एकदा लाठी धरायला शिकवली होती, मी ती स्वतःच्याच नाकावर मारून घेतली तेव्हा ती किती हसली होती! पण तोंडातून फुटलं ते भलतंच. "मग आज का आलीस?"

"येतो म्हणालो होतो म्हणून."

दुर्वाने पिशवीतून भडंगाचा डबा काढून पायरीवर ठेवला. मग हातातलं कंकण सोडवलं आणि डब्यावर ठेवलं.

"हे ठेव तुझ्याकडं. डावा हात चांगला चालतोय आता. मी लागत नाही."

"असं नको ना बोलू. आपण परत सुरुवात करू. पहिल्यापासून. तू रोज सलामी दे, मी थांबेन, दुर्वा, मी थांबेन."

दुर्वाने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर केतकीला बरं वाटलं असतं.

"पाचची गाडी हाय," ती म्हणाली.

आपल्याकडे निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. दुर्वा तर गल्लीच्या टोकाला जाऊन यायचं असलं तरी दारातून ओरडायची, "येतो गं!" चार घरांना ऐकू जायचं. पुण्याला सामान निघालं त्या दिवशी ट्रकमागे धावतानाही ती तेच ओरडत होती, निघालेली खरं तर केतकी होती तरी.

त्या दिवशी कऱ्हाडच्या पायऱ्यांवर पिशवी खांद्याला लावून ती म्हणाली, "जातो मी."

आणि गेली.

*

रविवारी सकाळी आई बाजारात गेली होती. केतकीने खेळ लावला आणि सगळ्यात आधी झाकलेला पडदा उघडला. उल्केच्या डाव्या मनगटावर पिवळा ठिपका लखलखत होता. किती सहज दिसत होता! आंधळ्यालाही दिसला असता.

समोर वेताळ उभा राहिला. डाव्या हाताने वार झटकला, फट पाडली, उजव्याची वाट पाहिली. अगदी हवी तेवढीच. तो हात रुसणार नव्हता. त्याला कुणी आत्या नव्हती. "जरा बोलायचंय" असं तो कधीच म्हणणार नव्हता.

केतकीने सावकाश स्वतःचंही कंकण काढून टेबलावर ठेवलं.

उजवा ठिपका पिवळा झाला. आणि उल्का लढत राहिली. उजवा हात आत घुसला, बाहेर आला, पुन्हा घुसला, हुबेहूब केतकीसारखा, केतकीहून थोडा सरसच. ती मांडीवर हात ठेवून बघत बसली. पडद्यावरची ती सुंदर, दोन पात्यांची, ढाल न घेतलेली मुलगी वेताळामागून वेताळ कापत पूल ओलांडून गेली. तिला आता दोघींपैकी कुणीच लागत नव्हतं.

खिळ्याला कंकण लावून, चटईवर बसून, दुर्वाने ते पहिले काही दिवस हेच पाहिलं होतं.

केतकीने दोन्ही सावल्या बंद केल्या. दुर्वाला फोन लावला. वाजून वाजून थांबला. डब्यातलं भडंग तिच्याने खाववत नव्हतं आणि टाकवतही नव्हतं. मग तिने दुर्वाचं कंकण डाव्या हातात चढवलं. ते थोडं सैल झालं.

पडद्यावर अक्षरं आली: 'डावा हात रिकामा आहे. सावली लावू?'

'नको.'

लढाई सुरू झाली. वेताळ चालून आला. केतकीने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने उल्केचा डावा हात खाली नेला, अनोळखी हात, आणि पात्याचं टोक मातीला टेकवलं. यानंतर काहीतरी गिरवायचं असतं. गोल? अर्धा गोल? की नुसती रेघ? नंतर मूठ छातीशी न्यायची की कपाळाला? शेकडो वेळा तिने हे पाहिलं होतं, आणि शेकडो वेळा ते होईपर्यंत नजर शत्रूवर ठेवून वैतागत उभी राहिली होती. दिसलं असेल डोळ्यांना. बघितलं नव्हतं.

वेताळाचा वार पडला. उल्का कोसळली.

'डावा हात रिकामा आहे. सावली लावू?'

'नको.'

तिने पुन्हा टोक मातीला टेकवलं. डावीकडून गोल काढून पाहिला. असं नव्हतं. वार पडला.

'नको.'

उजवीकडून. असंही नव्हतं.

आई बाजारातून आली, भाजीची पिशवी खाली ठेवली आणि दारातच थांबली. "केतू? अगं रडतेस का? आणि ती तुझी मुलगी लढत का नाहीये? जमिनीवर काय शोधतेय?"

केतकीने उल्केला परत उभी केली, पातं खाली नेलं, टोक मातीला टेकवलं आणि तिथेच धरून ठेवलं. समोरून वेताळ येत होता. त्याला येऊ दिलं. जमिनीला आधी विचारायचं असतं, एवढंच तिला ठाऊक होतं. कसं विचारायचं, ते दुर्वाच्या हाताला ठाऊक होतं.